फैजपूरच्या कोल्डमधला डबा

मी जन्माची घाबरट. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणाऱ्यांतली. अशा बाईने आयुष्यभर अवकाशात पाठवायची यंत्रं बनवावीत, याचं माझ्या बहिणींना अजून हसू येतं. एकदा वर गेलेल्या यंत्राचं कुलूप काही ओढून बघता येत नाही.

या जानेवारीत आमचा एक डबा आकाशातून खाली आला आणि हरवला. तो शोधायला मी धुळे-जळगावकडे गेले होते. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, आणि दर वेळी अर्धवटच सांगून होतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

डब्यात काय होतं ते आधी सांगायला हवं. दोरीचं एक टोक खिळ्याला बांधून दुसरं हलवलं, तर लाट वरखाली जाते किंवा आडवी जाते, आपण हलवू तशी. ताऱ्यांकडून येणाऱ्या क्ष-किरणांचंही तसंच आहे. ते सगळे एकाच अंगाने थरथरत येताहेत की सैरावैरा, हे ओळखायचं आमचं काम. याला ध्रुवण म्हणतात. मेलेल्या ताऱ्याभोवती चुंबकत्व कसं वळलं आहे, कृष्णविवराच्या तोंडाशी काय उलथापालथ चालली आहे, हे नुसता फोटो काढून कळत नाही, ध्रुवण मोजलं तर कळतं. पण हे किरण मोजकेच येतात, आणि त्यांचा कल ओळखायला खूप वेळ टक लावून बसावं लागतं. हे काम करणारी यंत्रं आज अवकाशात अगदी थोडी आहेत. त्यांतलं एक आपल्या देशाचं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण अधिक जोरकस किरणांसाठी नव्या जातीचं यंत्र लागेल, पुढचा उपग्रह लागेल, आणि आज वर आहेत ती यंत्रं काही जन्मभर पुरणार नाहीत. तो पुढचा उपग्रह करायचा की नाही, हे एक समिती ठरवणार आहे.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला भर बैठकीत विचारलं होतं, "बाई, तुमचं यंत्र नसलेला कल दाखवत नाही, हे कशावरून? प्रयोगशाळेतलं सांगू नका. वर जाऊन, हादरे खाऊन आल्यावरचं सांगा." प्रश्न रास्त होता. त्यासाठीच आम्ही यंत्राचा लहान नमुना एका प्रचंड फुग्याला बांधून हवा अगदी विरळ होते तिथवर पाठवला. वृषभ राशीत एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत, त्यांच्याकडे त्याने तोंड केलं. आणि मध्येच रेडिओ बंद पडला. फुगा ठरल्यापेक्षा कितीतरी पुढे वायव्येला गेला, मग केव्हातरी दोर सुटून डबा छत्रीने खाली आला असणार, इतकंच समजलं. जे काही मोजलं गेलं ते त्या डब्याच्या पोटात होतं. डबा मिळाला नाही तर समितीपुढे जाऊन मला हात जोडण्यापलीकडे काही करता येणार नव्हतं.

धुळे

पारोळ्याच्या वाटेवर एका गावाजवळ शेतात प्लास्टिकचा डोंगर पडलाय, अशी पहिली बातमी आली, म्हणून मी आणि निखिल संस्थेच्या जीपने धुळ्याला पोचलो. निखिल आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. स्वभावाने माझ्या अगदी उलट. जीप पंक्चर झाली तरी हा बाहेर उतरून संत्रं सोलतो.

धुळ्याचे रस्ते सरळ आणि रुंद. मी साताऱ्याची, आमच्याकडे रस्ता चार पावलं सरळ गेला की त्याला चुकल्यासारखं होतं. जेवायला शेवभाजी मागवली. तिखट आम्हीही खातो, पण आमचं तिखट आधी सूचना देतं. इथलं पहिल्या घासाला गप्प असतं आणि पाणी संपल्यावर बोलू लागतं. निखिलने दुसरी वाटी मागितली. मला एक भाकरीही सरली नाही, पण त्यात शेवभाजीचा दोष नव्हता. डोळ्यांपुढे सारखा डबा येत होता. कधी विहिरीत पडलेला, कधी भंगारवाल्याच्या हातोड्याखाली.

गावात पोचलो तर प्लास्टिकचा डोंगर काही दिसेना. एका खळ्यावर कापसाचे मोठाले ढीग होते आणि त्यांवर पातळ, चकचकीत काहीतरी ताणून बांधलं होतं. जवळ जाऊन हात लावला. तो आमचा फुगा होता. जवळजवळ हवेच्या वर जाऊन आलेलं कापड धुळ्याच्या कापसावर पांघरूण होऊन पडलं होतं.

ढिगाशेजारी बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गाव त्यांना आबा म्हणत होतं.

"काय शोधी राह्यनात ताई?" त्यांनी विचारलं.

मी डब्याची खूण सांगितली. पांढरा, गोल, पिंपाएवढा, वर केशरी छत्री.

"डबा नई दखा मी. हाई प्लास्टिक तेवढं पडेल शे. दव पडस ना, म्हनीसन कापूसवर टाकी दिधं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमनं व्हई तं लई जा."

मी म्हटलं, राहू द्या, आम्हाला त्याचा उपयोग नाही. ते एवढे खूश झाले की चहा घेतल्याशिवाय उठू देईनात. चहा होईपर्यंत त्यांच्या सुनेने सांगितलं की प्लास्टिक पडलं त्याच दुपारी उंच आभाळात छत्रीसारखं काहीतरी उगवतीकडे सरकताना तिने पाहिलं होतं. फुगा तरंगतो त्याच्या खालच्या थरात हिवाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा हे बरोबर जुळत होतं. फक्त उगवतीकडे म्हणजे अख्खा जळगाव जिल्हा.

जळगाव

दुसरा दिवस रस्त्यावर विचारत विचारतच गेला. पेट्रोलपंप, चहाच्या टपऱ्या, पोलीसपाटील. लोक आपुलकीने ऐकत आणि त्याच आपुलकीने भलतीकडे पाठवत. एका ठिकाणी शाळेची पाण्याची टाकी निघाली. दुसरीकडे खरोखरच एक पांढरं पिंप दाखवलं, त्यात कोंबडीची पिल्लं होती.

आमच्या डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. वैज्ञानिक उपकरण. धोका नाही. नाजूक आहे, उघडू नये. उन्हापासून जपावे. खाली फोन नंबर. तो नंबर ऑफिसचा होता आणि संक्रांतीला लागून सुट्ट्या आल्याने ऑफिस बंद होतं. हे मला गिरणेच्या पुलावर आठवलं. आपण उपग्रहाचा विचार करणारी माणसं, आणि सुट्टीत फोन कोण उचलणार याचा विचार कुणी केला नव्हता. निखिल म्हणाला, "मॅडम, ज्याला सापडला असेल तो परत फोन करेल." मी म्हटलं, ज्याला सापडला असेल त्याने आत्तापर्यंत उघडला असेल.

जळगावच्या लॉजवर रात्रभर देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसले. सकाळी ऑफिस उघडलं आणि तिथल्या क्लार्कने माझा नंबर कुणाला तरी दिला. पोह्यांची प्लेट हातात असताना फोन वाजला.

"मी फैजपूरहून बोलून राह्यलो. तुमचा डबा आहे आमच्याकडे. केव्हाचा फोन लावून राह्यलो, कोनी उचलतच नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून निखिलपुढे धरला.

"उघडला तर नाही ना कुणी?" निखिलने विचारलं.

"छे. लिहेल आहे ना त्याच्यावर. उन्हापासून जपा म्हने. म्हनून आल्या दिवशीच कोल्डमधी ठुला त्याले. एकदम थंडा आहे. बेफिकीर या."

निखिलने पहिल्यांदाच हातातलं संत्रं खाली ठेवलं.

हे कोल्ड म्हणजे केळी ठेवायची थंड खोली. केळी उष्णतेने लवकर पिकतात आणि कोरड्या हवेत सुकतात, म्हणून त्या खोलीत गारवा असतो आणि हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. आमच्या यंत्रात खास स्फटिक असतात. क्ष-किरण त्यांच्यावर आदळला की ते क्षणभर चमकतात. ऊन आणि हादरे ते थोडेफार सोसतात, पण दमटपणा त्यांना मुळीच सोसत नाही. मिठाच्या बरणीचं झाकण पावसाळ्यात सैल राहिलं तर जे होतं ते त्यांचं होतं. डबा घट्ट बंद असतो खरा. पण तो आभाळातून पडला होता, आणि त्याची एखादी शीव उसवली असेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फैजपूर

भुसावळ सोडून तापी ओलांडली की केळी सुरू होतात. मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच. बागांच्या कडेने वारा अडवायला शेवरीची उंच रांग, घडांना थंडी लागू नये म्हणून पिशव्या चढवलेल्या, बांधावर रात्री पेटवलेल्या शेकोट्यांची राख. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. रावेरकडून भरलेले ट्रक येत होते. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी दर फाट्यावर फक्त किती लांब आहे ते विचारलं.

फोनवरचे गृहस्थ म्हणजे नाना. साठीचे, उंच, स्वच्छ पांढरे कपडे. त्यांची केळीची बाग आणि शेजारी पॅकिंगची शेड होती. शेडचा कारभार त्यांच्या पत्नीकडे. त्यांना सगळे अक्का म्हणत. डबा बागेच्या मधोमध उतरला होता. छत्री खोडांमध्ये अडकली आणि दोन झाडं मोडली. मी झाडांबद्दल बोलायला लागले तर नानांनी हाताने उडवून लावलं.

"माल पाहा आधी," म्हणाले. परक्याचा नाजूक माल आपल्या दारी आला, तर तो धन्याच्या हाती जाईपर्यंत टिकवायचा, हा या शेडचा धंदा. धनी फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांनी डब्यासाठी तेच केलं होतं जे त्यांनी आपल्या सर्वांत चांगल्या घडासाठी केलं असतं. आमच्याकडे साताऱ्याला असा डबा आला असता तर आम्ही तो पंचायतीत नेऊन ठेवला असता आणि त्यावर सभा घेतली असती. इथे सरळ कोल्डमध्ये.

खोलीचं जाड दार उघडलं. दिव्याच्या उजेडात डबा दिसला. एका बाजूला पोचा आला होता, पण तो होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी धाबंही दणाणलं, कारण दोन गडी त्याला उचलून बाहेर उन्हात आणायला निघाले होते. थंड वस्तू एकदम उबेत आणली की तिच्यावर पाणी सुटतं, आणि शीव उसवलेली असेल तर तेच पाणी आत शिरतं. "थांबा," मी इतक्या जोरात ओरडले की शेडमधल्या बायकांचे हात थांबले.

त्या बायका परदेशी जाणारी केळी खोक्यांत भरत होत्या. खोक्यात आधी पातळ पिशवी, पिशवीत केळी, मग नळीने पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि तोंड बांधायचं. ते पाहून मला सुचलं. मी अक्कांना विचारलं, "डबा मावेल एवढी पिशवी आहे का? आतली हवा काढून बांधायची, आणि मग हळूहळू गरम होऊ द्यायचा. पाणी सुटलं तर पिशवीच्या बाहेरून सुटेल."

"मोठी पिशवी नाही. दोन फाडून जोडू," अक्का म्हणाल्या, आणि कोल्डमध्येच उभं राहून त्यांनी आणि शेडमधल्या दोघी बायकांनी ते करून दिलं.

आता डबा गरम होईपर्यंत थांबणं आलं. "मंग जेवाले बसा," नाना म्हणाले. बागेच्या कडेला कपाशीच्या काड्यांच्या जाळात हिरवी वांगी भाजत होती. लाकडी बडगीत ती मुसळाने ठेचली गेली, वर मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. आम्ही भरतात दही घालतो असं मी म्हटल्यावर अक्कांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आली. मी खात होते आणि दर घासाला शेडकडे बघत होते.

"ताई, त्या डब्यात असं काय आहे, जे तुमच्या घशाखाली घास जाऊ देत नाही?" अक्कांनी विचारलं.

मी दोरीचं उदाहरण दिलं. मेलेला तारा, त्याचे किरण, त्यांचा कल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आनं हे समजलं नाही तं?"

"तर पुढचं यंत्र होणार नाही. मी निवृत्त होईन, या निखिलसारखी पोरं दुसऱ्या कामाला लागतील. कुणाचं काही अडणार नाही. फक्त आपण पाहू शकलो असतो ते पाहायचं राहून जाईल."

"राहून गेलं की जीवाले लागते," अक्का म्हणाल्या आणि माझ्या पानावर आणखी भरीत वाढलं. या वेळी मी ते खाल्लं.

निघताना नानांनी विचारलं, "आमच्याकडून काही चुकलं तं नाही ना?" मी म्हटलं, "उघडल्यावर सांगते."

पुणे

संस्थेत परत येऊन डबा उघडला आणि भीती खरी ठरली. शीव केसाएवढी उसवली होती. स्फटिक दुधासारखे पांढुरके झाले होते. यंत्र आता पुन्हा कधी चालणार नव्हतं. पण त्याची आठवण, म्हणजे पोटातली नोंद, शाबूत होती. आणि बॅटरी संपेपर्यंत ते मोजत राहिलं होतं. आकाशात, छत्रीखाली, बागेत, आणि फैजपूरच्या कोल्डमध्येही.

आकाशातली नोंद पाहिली तेव्हा निखिलने खुर्चीवरून उठून टेबलाला फेरी मारली. कल दिसत होता. यंत्रात कुठल्या बाजूला किती किरण आदळले याचं आम्ही वर्तुळ काढतो; त्यावर समोरासमोर दोन फुगवटे, ध्रुवणाची हवी तशी खूण. मी मात्र म्हटलं, कोल्डमधली नोंद काढ. तिथे तारा नाही, काही नाही. तिथे वर्तुळ गोल यायला हवं. तसं आलं, तर हादरे खाऊनही यंत्र खोटं बोलत नाही, हे समितीला दाखवता येईल.

वर्तुळ गोल आलं नाही. तिथेही समोरासमोर दोन फुगवटे होते.

ज्येष्ठांचा प्रश्न कानात वाजत होता. यंत्र नसलेला कल दाखवत होतं, म्हणजे ताऱ्याचा कलही त्याच्या मनाचाच. यंत्र मेलेलं, त्यामुळे पुन्हा तपासायची सोय नाही. दोन दिवस मी तीच दोन वर्तुळं उघडून बघत राहिले. घरी आमटीत मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून आणलेली केळी फडताळात ठेवताना हात थांबला. केळ्यात पोटॅशियम असतं. पोटॅशियममधून अगदी किंचित किरण निघतात, मातीतून निघतात तसे, आपल्या अंगातून निघतात तसे. त्याने कुणाला काही होत नाही. पण खोलीभर केळी असतील आणि शेजारी असले किरण टिपायलाच बनवलेलं यंत्र असेल तर?

ऑफिसला पोचायचा धीर नव्हता. ओट्याशी उभं राहूनच नानांना फोन लावला.

"नाना, डबा ठेवला होता तिथे आजूबाजूला काय होतं?"

"केळी. दुसरं काय राहीन कोल्डमधी?"

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही आंगाले थप्प्या. मधात जायची वाट. वाटेत तुमचा डबा."

दोन बाजूंना केळी, दोन बाजू मोकळ्या. समोरासमोर दोन फुगवटे.

"आणि डबा आत असताना माल हलला का कधी?"

"हो तं. डबा ठुला त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी भरली. एका आंगाची पुरी थप्पी गेली. काबरं, काय झालं?"

मी सांगते म्हणाले आणि निखिलला फोन केला. नोंदीचा शेवटचा भाग आम्ही पाहिलाच नव्हता. बॅटरी संपत आलेली, म्हणून तो कचरा समजून बाजूला ठेवला होता. निखिलने तो काढला. मला फोनवर त्याच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता. मग आवाज थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या सकाळी एक फुगवटा बसतो. दुसरा तसाच राहतो."

यंत्राने फैजपूरची गाडी भरताना पाहिली होती. जिथे केळी होती तिथे केळी आहेत म्हणालं, गेली तेव्हा गेली म्हणालं, आपल्या पदरचं काही घातलं नाही. असं यंत्र ताऱ्याबद्दलही खरंच सांगत असणार. प्रयोगशाळेत इतकी कडक परीक्षा घ्यायचं आमच्या डोक्यात कधी आलं नसतं.

हे सगळं आता समितीकडे गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. मी रोज सकाळी मेल उघडते, आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा उघडून बघते. पुढचा उपग्रह होईल की नाही, मला खरोखर माहीत नाही, आणि रात्री झोप उडते ती उडतेच.

नानांना मात्र गाडीचा उलगडा झाला त्याच संध्याकाळी फोन केला होता. स्फटिक दमटपणाने गेले हे सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं आणि मी उघडल्यावर सांगते म्हटलं होतं. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. थप्प्यांची, गाडीची, फुगवट्यांची.

"म्हंजे आमच्या केळीनंच मारला, आनं केळीनंच साक्ष देली," ते म्हणाले. पलीकडे त्यांनी अक्कांना काहीतरी सांगितलं, अक्कांनी काहीतरी उत्तर दिलं, आणि नाना पुन्हा फोनवर आले.

"ही म्हनते, पुढचा डबा सोडसान तेव्हा आधी सांगजा. कोल्ड दोन दिवस कोरडं ठुवू. माल दोन्ही आंगाले राहू देऊ."